गच्चीसमोरचं शीड

मी शिडाचा दोर बांधून टाकला होता. एवढंच. पण तो भर वाऱ्यात, चालत्या होडीत, आणि असा बांधला होता की सोडवायला दात लागावेत. मी अंबाडी गावाकडची, शेतकऱ्याची पोर. आमच्याकडे दोर हातात आला की माणूस खुंटा शोधतो. बैलाचा असो, म्हशीचा असो, मोकळा दोर लोंबत ठेवणारी बाई म्हणजे घाणेरडी बाई. त्यामुळे काकीनं "धर गो जरा" म्हणून दोर माझ्या हातात दिला आणि ती तळातलं पाणी उपसायला वाकली, तसे मी बसायच्या फळीला दोन वेढे घेतले, फर्मास गाठ मारली आणि मोकळ्या हातांनी पदर सारखा करत बसले. काम बघून काकी खूश होईल अशी माझी खात्री होती.

वाऱ्याचा एक झोत आला. दोर हातात असता तर मी घाबरून सोडला असता, शिडातला वारा निघून गेला असता आणि होडी सरळ झाली असती. बांधलेला दोर सुटतो कुठे? होडी कुशीवर झाली आणि आम्ही दोघी पाण्यात. ओहोटी होती, पाणी छातीपर्यंतच. पण आमच्या खाडीचा चिखल तुम्ही बघितला असेल तर ठाऊक असेल, एकदा पाय घेतला की तो परत द्यायला तयार नसतो. मी वर आले ती मेले मेले करत. काकी वर आली, तोंडावरचा गाळ पुसला, होडीची कड धरली आणि काठाकडे पाठ ठेवूनच मला विचारलं, "बघतोय का गो?"

मी वळून बघितलं. काठावरच्या आमच्या घराच्या गच्चीत माझे सासरे कमरेवर हात ठेवून उभे होते.

"बघतायत," मी म्हटलं.

"मंग हस. मुद्दाम पडल्यासारखी हस."

आणि त्या चिखलात उभ्या राहून आम्ही दोघी हसलो. काकी खरोखरची हसत होती. मी रडत होते, पण लांबून ते कळत नाही.

काकी म्हणजे माझी चुलत सासू, सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको. तिचं नाव लिहीत नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि तुम्हाला नाव कळून ती जास्त कळेल असं नाही. तुमच्याही आळीत अशी एक बाई असेल, जिच्याकडे बघू नको म्हणून घरच्यांनी सांगितलेलं असतं आणि म्हणून आपण सारखं तिच्याकडेच बघतो. सासऱ्यांना मात्र मी इथं अहो-जाहोच करणार आहे. सवय आहे म्हणून. मनातून नाही.

दोघा भावांचा मिळून एक मोठा मचवा होता, विटा आणि गवत वाहायचा. धाकटे भाऊ काविळीनं गेले. तेराव्याचं जेवण झालं आणि सगळी भावकी अंगणात बसलेली असताना सासऱ्यांनी वाटणी सांगून टाकली. मचवा आपला. मागचं जुनं होडकं काकीला. दोन माणसं जेमतेम मावतील एवढं ते होडकं, एक फळी उखडलेली. सासरे म्हणाले, "घे गो, कोंबड्या ठेवायला होईल." लोक हसले. ज्यांनी नुकतंच तिच्या घरचं गोड खाल्लं होतं ते पण हसले.

काकी "बरं" म्हणाली. आणि तिनं खरोखर त्यात कोंबड्या ठेवल्या. अख्खा पावसाळा, आमच्या दारासमोर, वर झावळ्यांचं झाप घालून. सासऱ्यांना पहाटे पहाटे त्यातलाच कोंबडा उठवायचा. हे सगळं मी लग्न होऊन यायच्या आधीचं, पण गावात इतक्या वेळा ऐकलंय की मला तो कोंबडासुद्धा डोळ्यांसमोर दिसतो.

दिवाळीनंतर तिनं कोंबड्या काढल्या. फळी बसवली, फटी कापूस आणि डांबर घालून बुजवल्या. ती भिवंडीत लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. तिथल्या शेठकडून तिनं डागी ग्रे कापड मागून आणलं, मागावरून बिनरंगाचं उतरलेलं, विणताना धागा तुटून खराब झालेलं. त्याचे पट्टे हातानं जोडले, ऐनाच्या झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळून काढले. गंजासारखा लाल रंग आला. कुणाला काही न विचारता एक दिवस शिफ्ट संपवून आली, होडी पाण्यात ढकलली, शीड वर केलं आणि निघून गेली. तेव्हा कुठे गावाला आठवलं की तिच्या बापाला मुलगा नव्हता, पलीकडच्या काठावरचा माणूस तो, आणि ही लहानपणापासून त्याच्या होडीचं सुकाणू धरून बसायची.

इथपर्यंत सासऱ्यांना फार त्रास झाला नसावा. त्रास पुढे सुरू झाला. त्यांना वाटलं ती मासे मारेल. नाही मारले. रेती काढेल म्हणावं, तर नाही. माणसं पलीकडे सोडून येईल, तेही नाही. ती नुसती फिरायची. पाणी आणि वारा जुळला की जायची, आमच्या गच्चीच्या बरोब्बर समोर येऊन वळायची, फळीला पाठ टेकून पाय लांब करायची आणि डब्यातले चणे खात परत जायची. घराकडे एकदासुद्धा मान वळवायची नाही.

मासे मारले असते तर सासऱ्यांनी कीव केली असती. धंदा केला असता तर तो बुडवला असता, त्यात ते हुशार होते. पण मजा करणाऱ्या बाईचं करायचं काय हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जेवताना मध्येच विचारायचे, "पण ती करते काय तिथं?" एकदा गडी पाठवून तिलाच विचारलं. तिनं गड्याला चणे दिले आणि सांगितलं, "फिरते म्हणावं."

मी सून होऊन आले तेव्हा पहिली ताकीद मला हीच मिळाली, काकीशी बोलायचं नाही. मी आज्ञाधारक होते. मूर्ख म्हणा हवं तर. डोक्यावर पदर, मान खाली, सासऱ्यांच्या ताटात पहिलं वाढणं. मी केलेलं खाडीचं कालवण ते बोटानं चाटून बघायचे आणि शेजारच्याला सांगायचे, "अंबाडीच्या बायांना मासा शिजवता येत न्हाय, बुडवता येतो." सगळे हसायचे आणि मी पण हसायचे. एवढी बावळट मुलगी मला आज रस्त्यात भेटली तर मी तिला थांबवून एक धपाटा घालेन.

मग एकदा माझा बाप आला. नव्या तांदळाचं पोतं घेऊन, वाड्याहून येणाऱ्या एस्टीनं भिवंडी आणि तिथून रिक्षानं. ओटीवर सासऱ्यांपाशी दोन व्यापारी बसले होते. खुर्च्या रिकाम्या होत्या. माझ्या बापानं नमस्कार केला, सासऱ्यांनी बोलणं न तोडता हातानं खूण केली, खाली बसायची. जमीन ओली होती. माझा बाप इकडेतिकडे बघून शेवटी त्यानंच आणलेल्या पोत्यावर बसला. चहा व्यापाऱ्यांना आला. त्याला आला, पण व्यापारी गेल्यावर. जाताना तो मला म्हणाला की सासरा मोठा माणूस आहे, कामात असतो. तो मलाच समजावत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या दारानं काकीकडे गेले आणि म्हटलं, मला पण होडीत बसायचंय. तिनं कारण विचारलं नाही. पोत्याची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती. फक्त एवढं म्हणाली की चपला काढून ये. त्याच दुपारी मी तो दोर बांधला.

त्या आंघोळीनंतर घरात जे व्हायचं ते झालं. मला दारातून बाहेर पडायची बंदी झाली, देवाचं कारण सोडून. म्हणून मी देवाचं कारण काढलं. दर गुरुवारी गणेशपुरीला जायला लागले. म्हणजे निघायचे गणेशपुरीला आणि पोचायचे काकीच्या होडीत. शेजारची एक खरोखर जायची, ती प्रसाद आणून द्यायची. केस ओले असले तर सांगायचं, कुंडात अंघोळ केली, गरम पाणी गुडघ्यांना चांगलं. तिशी न ओलांडलेल्या बाईचे गुडघे. पण सासूबाईंनी तेही मानलं. आमच्या ह्यांना सगळं कळत होतं, ते पेपर वर धरायचे.

सासऱ्यांनी बरेच गुरुवार तो प्रसाद खाल्ला. मग एकदा मी प्रसाद पुढे केला तेव्हा हात न लावता म्हणाले, "गणेशपुरीच्या कुंडाला चिखलाचा वास कवापासून यायला लागला?" मी म्हटलं, "मामंजी, तुम्ही या ना एकदा, बघायला." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं उलट उत्तर. त्यानंतर चार दिवस माझं कालवण झकास होत होतं.

मी सूड म्हणून होडीत बसले होते हे लपवत नाही. पण सूड घ्यायला गेलेल्या माणसाला तिथं मजा वाटायला लागली की मोठी पंचाईत होते. मी गच्चीकडे बघायला विसरायला लागले.

त्या होडीत फार काही करावंच लागत नसे. एक काठी, एक शीड, एक दोर, एक सुकाणू. दोन हातांत मावणारा संसार. शीड चारदोन ओढीत वर जायचं. पहिल्यांदा ते बावळटासारखं लटकायचं, मग त्यात कुठूनतरी वारा शिरायचा आणि पोटुशी बाईसारखं ते गोल व्हायचं. दोर हातात जिवंत व्हायचा. मासा गळाला लागतो तसा नाही, दोराला सुटायचं नसतं. लहान पोर बोट धरून पुढे ओढतं तसा. आणि आवाज थांबायचे. लूमची खडखड, सासऱ्यांचं खाकरणं, मिक्सर, सगळं काठावर राहायचं. तळाखालून पाणी बोलत जायचं तेवढं. चिखलातल्या तिवरांच्या झाडांवर बगळे बसलेले असायचे, ते इंजिनाच्या होडीला उडतात, आम्हाला उडत नसत. वारा समोरून असला तरी काकी अडायची नाही. थोडं या काठाकडे, थोडं त्या काठाकडे करत वाऱ्याच्या नाकावर टिच्चून पुढे सरकायची. वाऱ्यानं ढकलल्याशिवाय होडी जात नाही हे मला माहीत होतं. ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून जाता येतं हे माहीत नव्हतं.

"जोर नको लावूस," ती म्हणायची. "जोर लावायचा असता तर पुरुष कमी हायत काय?" आणि मग पुलाखालून जाताना वर अडकलेले ट्रक बघून, मान हलवून, "बिचारे," म्हणायची. तिला त्यांचं खरंच वाईट वाटायचं. वाईट वाटायचं नाही ते एकाच माणसाचं. घर जवळ आलं की तिचा चेहरा बदलायचा. पदर कमरेला खोचायची, चण्यांचा डबा मांडीवर घ्यायची आणि समोर बघत विचारायची, "बघतोय का गो?" ते नेहमी बघत असायचे. भरतीची वेळ आमच्या घरात पंचांगात बघावी लागत नसे, सासरे गच्चीत चढले की समजायचं.

मग गोडाऊनं आली. राहनाळला आली, कालवारला आली, आणि तशी आमच्याकडेही आली. भाताची खाचरं भरून पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. मचवा कधीच विकला होता. सासरे आता जमीनवाले झाले. त्यांनी काठावर भराव टाकायला काढला. डंपरवर डंपर, जुन्या इमारतींचं डबर. आणि तो सगळ्यात आधी कुठे टाकला असेल? काकी जिथं होडी लावायची त्या उतारावर. ती शिफ्टवर होती. होडी गड्यांनी ओढून बाजूला ठेवली होती, उपकार केल्यासारखी. संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्या वाटेवर दोन पुरुष उंचीचा ढिगारा होता, त्यात कुणाच्यातरी न्हाणीच्या निळ्या फरशा.

मला वाटलं आता संपलं. उतार नाही तर होडी पाण्यात जायची कशी? सासरे त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त जेवले.

सकाळी होडी जागेवर नव्हती. ती होती स्मशानाच्या पायऱ्यांना बांधलेली. तिथं पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. गावातलं माणूस एरवी त्या बाजूला फिरकत नाही. मी धावत गेले, म्हटलं, काकी, इथं? ती शीड वाळत घालत होती.

"इथं तो भराव न्हाय टाकणार," ती म्हणाली. "त्याला पण लागंल ना एक दिवस."

त्यानंतर काही महिन्यांनी सासऱ्यांनी मला मध्यस्थ केलं. मलाच, कारण दुसरं कुणी तिच्याशी बोलत नव्हतं आणि मी बोलते हे आता उघडं गुपित होतं. त्यांचं म्हणणं असं की भावकीची शोभा होते, बाई म्हातारी होत चालली, होडी मोडून टाकावी, ते तिला चांगलं घर बांधून देतील. मी निरोप दिला. तिनं तो चणे चघळत ऐकून घेतला. मग म्हणाली की देते मोडून. एकच अट. तो स्वतः येऊ दे, या होडीत बसू दे, आणि इथं बसून माग म्हणावं. कोंबड्यांच्या जागेवर.

एवढंच तिला हवं होतं. घर नाही, मचव्यातला हिस्सा नाही. त्यानं एकदा त्या होडीत बसावं. मला तेव्हा कळलं की ती इतकी वर्षं फिरत नव्हती, वाट बघत होती. किंवा दोन्ही करत होती, आणि त्यातलं कुठलं जास्त हे तिलाही सांगता आलं नसतं.

मी अट जशीच्या तशी सांगितली. खरं म्हणजे जरा तिखट लावून सांगितली. सासरे उठून गच्चीत गेले.

ते होडीत बसायला गेले नाहीत. तिनं सोडलं नाही. माझी मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, लूम बंद पडायला लागले, आमचे हे गेले, सासूबाई गेल्या. काकीचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, रस्त्यावरून चालताना ती काठी घ्यायची. पण पायऱ्यांवरून होडीत बसली की ती वाकलेली दिसत नसे, कारण होडीत सगळेच वाकून बसतात. ते होडकं म्हातारीच्या ताकदीचंच होतं. दोर दोन बोटांत, सुकाणू काखेत. सासरे नव्वदीला आले. त्यांना गच्चीत नेण्यासाठी नातवानं खुर्ची उचलायची. नातू म्हणायचा की आजोबांना हवा लागते. मी खाडीकडे बघायचे.

काकी मागच्या हिवाळ्यात गेली. आजार असा नाहीच, दोन दिवस अंग तापलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी झोपेतच. होडी पायऱ्यांना होती आणि तिला तिथंच नेलं, त्यामुळे त्या दिवशी लोकांना होडीला वळसा घालून उतरावं लागलं. सासरे गाडीतून आले. काच खाली केली, उतरले नाहीत. मला त्यांचा इतका राग आला की मी रडायचं विसरले.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी होडी काढली. नातवंडं असलेली बाई, गुडघे आता खरंच दुखणारे. एकटी कधीच गेले नव्हते. मनात एकच होतं, त्यांना दाखवायचं. तुम्हाला वाटलं सुटलात, पण नाही सुटलात. चण्यांचा डबा घेतला होता. दोर हातात घट्ट धरला होता. गच्चीसमोर आले, पाय लांब केले, तोंडात चणे टाकले आणि कशीबशी वळवली. मी मान वळवून बघितलं. काकीनं कधी बघितलं नव्हतं, पण मला राहवलं नाही. ते होते. खुर्ची कठड्याला लावून, दोन्ही हात कठड्यावर.

संध्याकाळी मी चहा घेऊन वर गेले. उत्तर तयार होतं, चांगलं धारदार, वाटेत दोनदा घोकलेलं. म्हटलं, आज एक शब्द बोलू दे, मग पोत्यापासून सगळं काढते. त्यांनी चहा घेतला. बशीत ओतला, फुंकला, प्यायला नाही. खाडीकडे बघत राहिले. आणि मग म्हणाले,

"वळताना तिचं शीड कवा फडफडलं न्हाय. तुझं लय फडफडतंय. उद्या परत जा."